मंगळावरचा मुतखडा

रेशनच्या गाडीतून तो आला,
तांदळाच्या कट्ट्यांवर आडवा, ताडपत्रीखाली.
पाय तेवढे बाहेर.
नाक्यावरची पोरं आधी गप झाली,
मग एकानं तळव्याला टिचकी मारली:
"अबे, रबर हाय!"

एटापल्लीच्या पुढं, रस्ता जिथं रस्त्यासारखा दिसायचं सोडतो,
तिथलं आमचं आरोग्य पथक.
दोन खाटा, एक फ्रीज,
फ्रीजमध्ये लशी, फ्रीजला कुलूप.
बंगलोरच्या मॅडमना असंच हवं होतं.
म्हणाल्या, मंगळावर जाणाऱ्या यानातही
साधारण एवढंच सामान असेल
आणि डॉक्टर नसेल.

माझी नेमणूक पडद्यामागं.
हातात माईक, गुडघ्यावर छापील कागद.
बाहुल्याला नाडी होती, घाम होता, डोळ्यांची उघडझाप होती,
आवाज मात्र माझा.
पहिल्या दिवशी मी वाचलं, "मला तीव्र वेदना होत आहेत."
मॅडमनी मान हलवली.
"देवाजी, दुखणं असं बोलतं का?"
मग कागद पालथा घातला आणि
गेल्या उन्हाळ्यातलं माझंच पोट आठवलं:
"ओ मायवं, कमरंतून कोणी दोर पिळून राह्यला,
थेट जांघेपर्यंत."
पलीकडून पुंगाटी सिस्टर म्हणाली,
"मुतखडा."
कागदानुसार हे तिला
चाळिसाव्या मिनिटाला कळायचं होतं.

आभाळातही मुतखडा होतो, हे मला तेव्हा कळलं.
वजन नसलं की हाडं आळसावतात,
त्यांच्यातला चुना सुटतो, लघवीत उतरतो.
आमच्याकडे लोक हातपंपाला बोल लावतात.
तिथं बोल लावायला हातपंपही नाही.

सलाईन तिथं ठिबकत नाही.
पिशवी हातानं दाबत बसायची, आकडे मोजत.
सिस्टरनं ओढणीनं स्वतःला खाटेला बांधून घेतलं,
कारण छाती दाबायला गेलं
तर दाबणाराच वर जातो म्हणे.
झाडू मारता मारता सोमीबाई हसली,
आणि नंतर, कोणी बघत नाही असं पाहून,
बाहुल्याच्या उघड्या मांड्यांवर
लुगड्याचा धडपा टाकून गेली.

प्रश्न पृथ्वीवर पोचायला वीस मिनिटं,
उत्तर यायला वीस.
पृथ्वी म्हणजे शेजारची खोली,
तिथं एक पोरगं घड्याळाकडं बघत
मुठीत चिठ्ठी दाबून बसायचं.
मॅडमनी विचारलं, एवढा उशीर सहन होईल तुम्हाला?
सिस्टर म्हणाली,
नेटवर्कसाठी मी टेकडी चढते, मॅडम.
उतरेस्तोवर कधी बाळ आलेलं असतं,
कधी गेलेलं.

नवव्या दिवशी, दुपारी,
खिडकीतून मोहाचा वास नुसता घुसत होता.
चिठ्ठी गेली होती. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.
कागदावर एवढंच: प्रतीक्षा.
सिस्टरनं हातमोजा काढला,
रबरी पंजा हातात घेतला
आणि विचारलं,
"घरी कोण कोण हाय तुमच्या?"

मी कागद चाळला.
पुढचं पान. मागचं पान.
मॅडमनी पडदा जरासा सारून हात फिरवला: बोला, काहीही.
मंगळाच्या वाटेवरल्या माणसाच्या घरी
कोण असतं, मला काय ठाऊक.
म्हणालो,
"एक पोरगी हाय. बारावीत. चामोर्शीले, वसतिगृहात.
तीन दिवस झाले, फोन लागत नाही तिचा."
"लागन," सिस्टर म्हणाली.
बाहुल्याकडे बघूनच म्हणाली.

शेजारच्या खोलीतून चिठ्ठी आली
तेव्हा तिनं ती लगेच उघडली नाही.

अहवालात मॅडमनी काय लिहिलं, माहीत नाही.
बाहुला त्याच गाडीतून परत गेला, रिकाम्या कट्ट्यांवर,
सोमीबाईचा धडपा कमरेला तसाच.
गाडी सुटायच्या आधी मी ताडपत्री उचलली
आणि त्याचे पाय
आत घेतले.